त्या लोकांना रस्त्याची सवय असते

त्यांनी माझ्या वडिलांच्या सायकलची हवा सोडली तेव्हा मी मागे कॅरिअरवर बसले होते.

रविवारची सकाळ. सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा होती माझी. सेंटर डोंबिवली स्टेशनजवळच्या एका शाळेत आलेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा रात्रपाळी करून घरी आले, तोंडावर पाणी मारलं, आईने पुढे केलेला चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "चल, बस मागं."

मानपाडा रस्त्याला लागलो तर पुढे दोरी बांधलेली. दोरीपलीकडे फुगे लावलेली कमान, लाऊडस्पीकर, आणि सायकलीच सायकली. बारीक चाकांच्या. लाल, निळ्या, पोपटी. अंगाला चिकटलेल्या चकचकीत कपड्यांतली माणसं. कमानीवर लिहिलेलं, 'सायकल चालवा, निरोगी राहा.' मी ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा एकदम खूश.

"बघ, आज आपलाच दिवस हाय," म्हणाले. आणि दोरी वर उचलून सायकल खालून काढायला लागले.

शिट्टी वाजली. एक माणूस धावत आला. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर हेल्मेट.

"ए! कुठे घुसतोस? सायकल रॅली आहे, दिसत नाही?"

अण्णा हसत म्हणाले, "साहेब, माझी पण सायकलच हाय की."

आजूबाजूचे सगळे हसले. खूप हसले. एक बाई पाण्याच्या बाटलीतून पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

"ही सायकल?" तो माणूस म्हणाला. "ही तर हातगाडी आहे." आणि तो खाली बसला, पुढच्या चाकाचा व्हॉल्व फिरवला, ओढून काढला. फुस्स. चाक रस्त्याला टेकलं. अण्णांनी व्हॉल्व घ्यायला हात पुढे केला. अण्णा रंगाच्या कंपनीत होते, हात मनगटापर्यंत लाल. तो माणूस झटकन मागे सरकला.

"हात लावू नकोस. आधी हात बघ तुझे."

व्हॉल्व त्याने गटाराच्या दिशेने फेकला. अण्णांनी हात मागे घेतला. आणि हसले. त्या सगळ्यांबरोबर हसले, जसं काही गंमतच झाली.

मी कॅरिअरवरून उतरले. माझ्या पायात शाळेचे बूट होते, आदल्या दिवशी पाळीला निघण्याआधी अण्णांनीच पॉलिश केलेले. मी त्या बुटांकडेच बघत राहिले.

सायकल एका टपरीशेजारी टेकवून आम्ही चालत निघालो. मग अण्णा म्हणाले, "पळ." आम्ही पळालो. रात्रभर उभा राहून काम केलेला माणूस माझ्या पुढे पळत होता. पेपर सुरू होऊन गेलेला. वर्गावरच्या बाईंनी बसू दिलं, पण पहिलंच गणित मी तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना.

स्कॉलरशिपमध्ये नंबर आला नाही. तो त्या हवेमुळेच आला नाही असं मी म्हणणार नाही. माझं गणित कच्चं होतं. पण घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "वाटेत पंक्चर झाली गं," आणि मी गप्प बसले. आम्ही दोघं त्या खोट्यात सामील झालो. पुढे कितीतरी वर्षं आमच्यात त्या सकाळचा शब्द निघाला नाही.

आम्ही मूळचे फलटणकडचे. गावात आमच्या आळीचं नाव घेतलं की पुढचं कोणाला विचारावं लागत नाही. अण्णा म्हणायचे, इथं एक बरं हाय, कंपनीच्या गेटवर आळी विचारत न्हाईत. आडनाव मात्र विचारतात. शाळेत विचारलं, कॉलेजात विचारलं. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी हालचाल होते. तुम्हाला ती माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात.

आमची वस्ती इंडस्ट्रियल एरियाच्या मागे, नाल्याला लागून. कोणत्या दिवशी कोणता रंग चालू आहे ते नाल्याच्या पाण्यावरून कळायचं. अण्णांच्या हातावरूनही कळायचं. निळा असला तर दोन दिवसांत फिका पडे. लाल जात नसे. लग्नाकार्याला अण्णा हात खिशात घालून उभे राहत. वाढप्याने जिलबी पुढे केली तर हात खिशातच ठेवून नुसती मान हलवून "नको नको" म्हणत. जिलबी त्यांना अतोनात आवडायची.

मी सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अण्णा गेले.

मुख्य रस्त्यावरून कंपनीच्या गल्लीत जायला डावीकडे वळण आहे. संध्याकाळची पाळी होती. अण्णा सायकलवरून रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चाललेले, पुढच्या गेटकडे. बाजूने टँकर आला आणि वळला. बस, एवढंच. टँकर डावीकडे वळतो तेव्हा ड्रायव्हरला आपल्या डाव्या चाकाशेजारची सायकल दिसतच नाही. हे मला पुढच्या वर्षी पुस्तकात शिकवलं. आकृती होती, ट्रकच्या भोवती काळी केलेली जागा. सर ती फळ्यावर काढत होते. मी वर्गातून उठून बाहेर गेले.

अण्णांच्या बरोबर काम करणाऱ्या भिवाकाकांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलेलं. मी पोचले तेव्हा संपलेलं सगळं. एक वॉर्डबॉय ओल्या कापसाने अण्णांचे हात पुसत होता. पुसत होता, कापूस टाकत होता, नवा घेत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "रक्त जातच नाहीये."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "ते रगत न्हाई. कंपनीचा रंग हाय तो. तो जात न्हाई."

एवढंच बोलली. रडलीही नाही तेव्हा.

कंपनी म्हणाली, गेटच्या बाहेर झालं. पोलीस म्हणाले, वळणावर सायकल मध्ये घातली असेल. सगळ्यांना एकच माहिती होती: सायकलवाला होता. त्यातच सगळं आलं.

आई त्या दिवसापासून त्या वळणावरून गेली नाही. बाजाराला जायचं तर नाल्याच्या कडेने मोठा वळसा घालून जायची. घरी बसून कपड्यांचे धागे कापायचं काम करायची. त्या धाग्यांवर माझा डिप्लोमा पुरा झाला.

मला ठाण्यात माजिवड्याला नोकरी लागली. रस्त्यांचे आराखडे करणारं छोटंसं ऑफिस. तिथले सर, म्हणजे ऑफिसचे मालक, साठीला आलेले, शांत, शुद्ध बोलणारे. त्यांनी मला खूप शिकवलं, हे मी नाकारणार नाही. माझ्या रेषा स्वच्छ असतात म्हणून ते इतरांना माझी ड्रॉइंग दाखवायचे. डबा खाताना मात्र ते स्वतःच्या केबिनमध्ये जायचे, आणि माझ्या डब्यात काय आहे ते कधीच विचारायचे नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या डब्यातली भाजी चवीने मागून घ्यायचे. मी ते मनावर घेतलं नाही. निदान घेतलं नाही असं मला वाटायचं.

मग एक दिवस सर माझ्या टेबलाशी आले. "मानपाडा रस्त्यावर सुरक्षित सायकल लेन करायची आहे. बोर्ड, पट्टे, क्रॉसिंग, सगळं. तू तिकडचीच ना? तूच कर."

मी मान हलवली.

तो रस्ता मी लहानपणापासून बघितलेला, पण तो मोजण्यासाठी पहिल्यांदा उभी राहिले. सकाळी आधी एका तऱ्हेचे सायकलवाले यायचे, हेल्मेटवाले, घोळक्याने, गप्पा मारत. त्यांचं होऊन ते गेले की दुसरे यायचे. डबा हँडलला लटकवलेला. मागे दुसरा माणूस बसलेला. ड्रेसवर ओढणी गच्च बांधलेल्या पोरी. आमच्या गल्लीतली रेश्माही त्यात असायची. ती पाउच पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला, बडबडी. मला टेप घेऊन उभी बघितलं की ब्रेक मारायची.

"दीदी, ही लेन आपल्याकडे पण येणार ना? का फक्त त्या बिल्डिंगवाल्यांची?"

"सगळ्यांची," मी म्हणाले.

"पक्का ना? नाही तर आपला रोजचा गेम आहे त्या टर्नवर. टँकर असा घासून जातो ना, जान हातात."

मी ड्रॉइंग काढलं. त्या बिल्डिंगवाल्यांच्या मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटपासून सुरू होणारी लेन, तलावाच्या बागेपर्यंत एक फाटा, आणि मुख्य लेन सरळ कंपन्यांच्या गेटपर्यंत. नुसता रंगाचा पट्टा नाही, मध्ये कठडा. आणि कंपनीच्या वळणावर सायकलींसाठी उंच केलेलं क्रॉसिंग. म्हणजे टँकरला वेग कमी करावाच लागेल. टँकरसाठी थांबायची रेघ मागे. रेघेच्या आधी मोठा बोर्ड. ते वळण मी किती वेळा काढलं आणि खोडलं, मला माहीत नाही. बाकीचा रस्ता मी काँप्युटरवर काढला. वळण आधी हाताने काढलं, पेन्सिलने.

सरांना काही सांगितलं नव्हतं. ऑफिसात कोणालाच नव्हतं. अण्णा वारले एवढं माहीत होतं त्यांना. कुठे, कसे, कोणी विचारलंही नव्हतं.

सरांनी ड्रॉइंग बघितलं. "उत्तम आहे," म्हणाले. "वळणाचा विचार चांगला केला आहेस." त्या संध्याकाळी घरी जाताना मी आईला जिलबी घेऊन गेले. का आणलीस, विचारलं तिने. सहज, म्हणाले.

लेनचा बराचसा खर्च कॉम्प्लेक्सचा बिल्डर देणार होता. म्हणून पहिली मीटिंग कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये ठेवलेली. गेटवर वॉचमनने सरांना सलाम केला आणि मला विचारलं, "किस के यहाँ काम है?" सर म्हणाले, "माझ्याबरोबर आहेत." सोडलं.

आत गार एसी, मऊ खुर्च्या, बिस्किटं. सोसायटीचे अध्यक्ष रिटायर झालेले, गोरेपान, तब्येतीला जपणारे. ते स्वतः रोज सायकल चालवतात हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मी पडद्यावर ड्रॉइंग लावलं आणि बोलायला लागले. कठडा, रुंदी, बोर्ड. सगळे ऐकत होते. बागेचा फाटा आला तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, "वा, छानच!" मी पुढे गेले. कंपन्यांच्या गेटकडे. वळणावर.

अध्यक्षांनी हात वर केला. "एक मिनिट. ही लेन तिकडे कशाला नेली आहे?"

"तिकडे सगळ्यात जास्त सायकली आहेत, सर."

"कोणाच्या?"

"कामगारांच्या."

"हां, म्हणजे ते लोक या लेनमधून आमच्या गेटपर्यंत येणार. डबे, गोण्या, गॅस सिलिंडर लटकवून. आमची मुलं चालवणार आहेत इथे. सेफ्टीचा विचार केला का तुम्ही?"

मी म्हणाले, "सर, सेफ्टीसाठीच आहे ते. या वळणावर अपघात होतात."

ते हसले. रागाने नाही. प्रेमानेच म्हणा, समजावल्यासारखे.

"अहो, त्या लोकांना रस्त्याची सवय असते."

कोणीतरी मान डोलावली. ते पुढे बोलत राहिले, लेन बागेपर्यंतच ठेवा, क्रॉसिंग काढून टाका, उगाच गाड्या तुंबतील, आणि सुरुवातीला एक बोर्ड लावा. मग त्यांनी मला निरखून बघितलं.

"तुम्ही कुठल्या?"

"इथलीच. मानपाड्याची."

"अच्छा! कोणत्या कॉम्प्लेक्समध्ये?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितलं. ती बारीक हालचाल खुर्च्यांच्या रांगेतून वाऱ्यासारखी फिरून गेली.

"तरीच!" अध्यक्ष म्हणाले. "या मॅडमनी लेन स्वतःच्या घरापर्यंत नेली होय!"

सगळे हसले. सरही हसले, थोडंसं, ओठ मिटून.

आणि माझ्या लक्षात आलं की माझेही ओठ ताणले गेलेत. मीही हसत होते. त्यांच्याबरोबर. जसं काही गंमतच झाली.

तोंड तसंच वाकडं ठेवून मी उभी होते आणि मला अण्णा दिसले, दोरीपाशी, हात मागे घेताना. इतकी वर्षं मला त्यांचा राग होता. तुम्ही का हसलात, हे मला त्यांना विचारायचं होतं. ते गेले तरी तो प्रश्न माझ्यात तसाच पडून होता. आता कळलं. माणूस हसत नाही तेव्हा. त्याचं तोंड आपोआप तसं होतं, मार चुकवताना हात वर जातो ना, तसं. मागे कॅरिअरवर पोरगी बसलेली. तिला परीक्षेला पोचवायचंय. तो दुसरं काय करणार होता?

पण माझ्यामागे कॅरिअरवर कोणी नव्हतं.

मी ओठ मिटले. प्रयत्न करून मिटावे लागले, खरंच सांगते.

सर म्हणाले, "बोर्डाचा मजकूर लिहून घे." अध्यक्ष सांगायला लागले, "फक्त क्रीडा सायकलींसाठी. कामगार आणि मालवाहू सायकलींनी मुख्य रस्त्याचा वापर करावा."

माझ्या हातात पेन होतं. मी ते टेबलावर ठेवलं.

"मी हे लिहिणार नाही," मी म्हणाले.

सर म्हणाले, "काय म्हणालीस?"

"मुख्य रस्त्यावर टँकर आहेत. तिथे माणसांना पाठवायचा बोर्ड मी लिहिणार नाही. क्रॉसिंगही काढणार नाही."

अध्यक्ष सरांकडे बघून म्हणाले, "तुमच्या स्टाफला जरा..." आणि वाक्य तसंच सोडलं. त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं आता. मघाशी 'छानच' म्हणालेल्या मॅडमनी बिस्किटांची प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. का, ते त्यांनाच ठाऊक.

बाहेर आल्यावर सर गाडीपाशी थांबले. त्यांचा आवाज चढला नाही. कधीच चढायचा नाही.

"तू हुशार आहेस, पण भावनेच्या भरात वाहत गेलीस. आपण आखून देतो. कोणी चालवायचं ते आपण ठरवत नाही."

"सर, आज तेच ठरवलं ना आपण."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "उद्या ड्रॉइंग बदलून दे. नाही तर मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. आणि मग इथे तुझ्यासाठी काय काम उरेल, मला सांगता येत नाही."

मी दुसऱ्या दिवशी गेले, टेबल आवरलं, माझी पेन्सिलची वळणं घेतली आणि राजीनामा दिला. सरांनी तो वाचून घडी घातली. "वाईट वाटतं," म्हणाले. वाटलं असेलही. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. वाईट वाटून त्यांनी ड्रॉइंग बदललंच.

घरी आई धागे कापत बसलेली. मांडीवर निळ्या शर्टांचा ढीग.

"लवकर आलीस?"

"नोकरी सोडली."

"सोडलीस का सोडायला लावली?"

"दोन्ही."

मी तिला सगळं सांगितलं. मीटिंग, बोर्ड, हसणं. त्या रविवारी पंक्चर झालं नव्हतं, तेही सांगितलं. ती कात्री चालवत ऐकत राहिली. मग कात्री थांबली.

"त्या वळणाला तुझा बाप पडला, ते बोललीस का त्यांना?"

"नाही."

"का गं?"

"दया आली असती त्यांना. दयेने दिलं असतं कदाचित ते क्रॉसिंग."

आईने कात्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मग बरं केलंस." आणि शर्टाची बाही तोंडात धरून रडली. अण्णा गेल्यावर ती रडली असेल, माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थांबेना. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही आमच्याकडे.

लेन झाली. सुंदर झाली, खोटं कशाला बोलू. हिरवा रंग, पांढरे पट्टे, कठडा, दोन्ही बाजूंना झाडं. कॉम्प्लेक्सच्या गेटपासून बागेपर्यंत. तिथे संपते. पुढे कंपन्यांकडे जाणारा रस्ता होता तसाच, खड्ड्यांसकट. आणि सुरुवातीला बोर्ड. मजकूर तोच. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी लिहून घेतलेला.

मी तोवर एका ठेकेदाराकडे घरांचे नकाशे काढायला लागले होते. पगार कमी.

एक दिवस रेश्मा संध्याकाळी दारात आली. कोपर सोललेलं, ओढणी फाटलेली. मला वाटलं टँकर. तसं विचारलंही.

"नाही गं दीदी, टँकर नाही," ती म्हणाली. "त्या लेनमध्ये घुसले ना. मेन रोडवर टँकर उभे लाइनीत, म्हटलं चल, थोडं तरी आतून जाऊ. वॉचमनने हँडलच धरलं. पडले. वर मलाच बोलतो, बोर्ड वाचता येत नाही का?"

"मग?"

"मी बोलले, वाचता येतो, म्हणूनच आले बघायला, अजून काय काय लिहिलंय आमच्याबद्दल."

ती हसत होती. ते हसणं वेगळं होतं. मी तिच्या कोपराला हळद लावली. ती गेली. मी तिला 'सगळ्यांची' म्हणून सांगितलेलं. पक्का ना, असं तिने विचारलेलं.

मग मी उठले. ठेकेदाराच्या गोदामातून पत्र्याचा तुकडा मागून आणला, पिवळा रंग आणला. रस्त्यावरच्या बोर्डाची अक्षरं किती उंच असावीत, लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला ती कधी दिसतात, हे सगळं मला सरांनीच शिकवलेलं. मी लिहिलं: 'थांबा. तुमच्या डावीकडे सायकल आहे.' खाली हिंदीतही तेच लिहिलं, कारण टँकरवाले बहुतेक बाहेरचे. वर सायकल काढली. तिच्या हँडलला डबा काढला.

आई म्हणाली, "मी येते."

"तिकडे?"

"तिकडंच."

भिवाकाका आले, रेश्मा आली, तिच्या युनिटमधल्या दोघीतिघी आल्या. पाळी सुटायची वेळ होती. आईने वळणावर पाऊल ठेवलं आणि थांबली. रस्त्याकडे बघत राहिली. तिथे काय असणार? डांबर. त्यावर पुन्हा पुन्हा घातलेलं डांबर. तिने भिवाकाकांना विचारलं, "कुठं?" काकांनी बोटाने दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली. एक टँकर हॉर्न मारत होता. भिवाकाका हात वर करून त्याच्या समोर उभे राहिले. ती घाईने हलली नाही. वाकली, दोन बोटं रस्त्याला लावली, कपाळाला लावली. मग येऊन बोर्डाचा खांब धरला. आम्ही खांबाभोवती खड्ड्यात दगड ठोकले.

बोर्ड काही दिवस राहिला. काही टँकर हळू व्हायचे, काही नाही व्हायचे. मग रस्त्याच्या कामाची माणसं आली आणि काढून घेऊन गेली. परवानगी नव्हती म्हणे. आम्ही दुसरा लावला. तोही नेला. मी महापालिकेत लेखी अर्ज दिला, क्रॉसिंगच्या ड्रॉइंगसकट. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. सुनावणी ठेवा म्हणून मागणी केली, सह्या घेऊन, आणि सह्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर उभं राहूनही मागितल्या. तिथल्या दोन माणसांनी केल्याही. अध्यक्ष गाडीतून बघत गेले.

परवा बोर्ड काढायला आलेला माणूस ओळखीचा झालेला. त्याचंही घर नाल्यापलीकडेच. पाना हातात घेऊन म्हणाला, "ताई, माझी मजबुरी आहे. वरून सांगितलंय. तुम्ही तरी कशाला सारखं सारखं?"

मी म्हणाले, "तू तुझं काम कर. काढ."

त्याने काढला. गाडीत टाकला. निघताना म्हणाला, "आता बस ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "पत्रा आणलाय घरी."

मला त्यांच्या क्लबहाउसमध्ये पुन्हा जायचं नाही. आमच्यातला माणूस मेला म्हणून क्रॉसिंग द्या, असं मी म्हणणार नाही. जे जिवंत आहेत, जे उद्या सकाळी पाळीला निघणार आहेत, त्यांच्यासाठी मागते आहे. अध्यक्ष, महापालिका, तुम्हा सगळ्यांनाच सांगते, सवय आम्हाला रस्त्याची नाही, मरायची लावलीत तुम्ही. ती मी मोडणार. जितक्या वेळा काढाल तितक्या वेळा लावणार. अर्ज फेकाल, दुसरा देणार. आणि सुनावणी होईल त्या दिवशी रेश्मा, भिवाकाका, सगळी पाळी सायकली घेऊन तुमच्या हिरव्या लेनमधूनच येणार आहे. तुमचा बोर्ड वाचूनच येणार आहे.